इथवर वाचलंत ते सगळं चूक

"एकदा माझं पुस्तक बाहेर येऊ दे, मग बघा! 'सर, तुम्ही बसून काय करताय?' असं विचारायची या कॉलेजात पुन्हा कुणाची छाती होणार नाही!"

प्राध्यापकांच्या खोलीत चहाचा कप उंच धरून तंद्रीसरांनी ही घोषणा केली तेव्हा कप रिकामा होता, म्हणून निभावलं. भरलेला असता तरी त्यांना कळलं नसतंच, ती गोष्ट वेगळी!

तंद्रीसर हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि तिथंच सुखानं नांदत होतं. सर तत्त्वज्ञान शिकवायचे. शिकवता शिकवता वाक्याच्या मधेच थांबायचे, खिडकीबाहेर बघायचे आणि तास संपायचा. पुढच्या आठवड्यात येऊन ते नेमके त्याच शब्दापासून पुढं बोलू लागायचे. मुलं बिचारी वहीत तेवढी जागा सोडून ठेवायची.

कॉलेजच्या वरच्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशीच सरांची खोली होती. एक टेबल, एक खुर्ची, एका पायानं अधू असलेलं कपाट आणि एक मोठी खिडकी. खिडकीतून काय दिसायचं म्हणाल, तर समोरच्या इमारतींच्या गच्च्या, पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेले कपडे, आणि त्यांच्या पलीकडं कुठल्याशा झाडाचा नुसता शेंडा. झाड कुठं उभं आहे ते सरांनी कधी जाऊन पाहिलं नव्हतं. शेंडा हलायचा, तेवढं त्यांना पुरे होतं. सकाळी ऊन टेबलावर यायचं, तिथून हळूच जमिनीवर उतरायचं, मग कपाटावर चढायचं, आणि सरांचं मन त्याच्या मागं मागं घरभर हिंडणाऱ्या मांजरासारखं फिरायचं. वेळापत्रकात सकाळचे पहिले दोन तास त्यांच्या नावापुढं 'चिंतन' असा शब्द होता. जुन्या प्राचार्यांनी मोठ्या मनानं दिलेली ती सवलत होती.

मग नवे प्राचार्य आले. करकर वाजणारे बूट, हातात कायम वेळापत्रक. पहिल्याच फेरीत ते सरांच्या दारात थांबले.

"या तासाला तुम्ही नक्की काय करता?"

"चिंतन."

"म्हणजे?"

"विचार."

"कशाचा?"

आता हा प्रश्न खरोखर विचार करण्यासारखा होता. म्हणून सरांनी विचार केला. बराच वेळ केला. भानावर येऊन ते उत्तर द्यायला वळले तेव्हा दारात कुणी नव्हतं, बुटांची करकर खालच्या मजल्यावर पोचली होती. दुसऱ्याच दिवशी कळलं की सत्राच्या शेवटी व्यवस्थापन समिती बसणार आणि 'चिंतन' ठेवायचं की काढायचं ते ठरवणार. शिवाय परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवायला जागा नव्हती, आणि प्राचार्यांची नजर सरांच्या खोलीवर गेली होती.

दोन तास आणि एक खिडकी म्हणजे तुमच्याआमच्या दृष्टीनं काय मोठं? पण या माणसाला जन्मभर एकच प्रश्न ऐकावा लागला होता. लहानपणी वडील विचारायचे, "नुसता काय बसलायस रे?" शाळेत गुरुजी तेच विचारायचे, लग्नात सासरेबुवांनी तेच विचारलं. सर प्रत्येकाला सांगायचे, "मी नुसता बसलेलो नाही, मी कामात आहे." आजवर एकानंही त्यावर विश्वास ठेवला नव्हता. हे सरांना लागायचं हो, मनापासून लागायचं! एका माणसानं तरी ते मानावं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

म्हणूनच तर ते पुस्तक! नाव, 'खिडकीतला माणूस'. कित्येक वर्षं सर ते लिहीत होते. स्वप्नात हरवलेला माणूस खरं तर सगळ्यात मोठं काम करत असतो, जगातली प्रत्येक नवी गोष्ट आधी कुणाच्या तरी तंद्रीतच जन्मली आहे, हे त्यात सिद्ध करायचं होतं. प्राचार्यांना त्यांनी छाती पुढं काढून सांगून टाकलं, "समिती बसायच्या आत माझं पुस्तक येतंय. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यात मिळेल."

मिळालं! पण ते कसं मिळालं ते ऐका.

सरांच्या शास्त्राची एक जुनी रीत आहे. आपलं म्हणणं मांडायच्या आधी विरुद्ध बाजूचं म्हणणं मांडायचं. त्याला म्हणतात पूर्वपक्ष. आणि तो असातसा मांडायचा नाही, विरोधकाला स्वतःला जमलं नसतं इतका भक्कम मांडायचा. मग तो पाडायचा, आणि त्याच्या छाताडावर आपला सिद्धान्त उभा करायचा. सर या रीतीला इतके चिकटून की विरोधकाची बाजू ते 'आम्ही म्हणतो' अशीच लिहायचे. 'ते म्हणतात' असं लिहिलं की म्हणे लेखणी कपट करते!

आता असा भक्कम विरोधक आणायचा कुठून? लांब जायची गरज नव्हती, तो घरातच होता. सरांच्या सौभाग्यवती दातांच्या डॉक्टर. घराच्या खालच्याच खोलीत दवाखाना. दिवसभर लोकांच्या दाढा उपटून वर येणारी बाई, तिला कुठला मुद्दा उपटायला जड जाणार?

"अगं, मी खिडकीत बसतो त्याबद्दल तुझं काय म्हणणं आहे?" एका संध्याकाळी सरांनी कागद पेन घेऊन विचारलं.

"आजच का बरं विचारताय?"

"मला हवंय ते. अगदी मोकळेपणानं बोल."

डॉक्टरीणबाईंनी पदर खोचला. "अहो, विचार दिसत नाही हे मला मान्य आहे. पण न केलेलं काम दिसतं ना! नळ गळतोय तो दिसतो! आणि विचार करायला बसावं का लागतं? मी उभ्यानं दाढ काढते तेव्हा माझं डोकं काय घरी ठेवलेलं असतं?"

"वा! पुढं?"

"पुढं काय! जो म्हणतो ना, 'मी नुसता बसलो नव्हतो', त्याला विचारावं, मग उठून काय आणलंस?"

"सुंदर! जरा सावकाश, लिहून घेतोय."

"लिहून घेताय?" बाई थबकल्या. बोलायचा वेग मात्र वाढला. लग्नापासूनचं सगळं साचलेलं त्या संध्याकाळी बाहेर आलं, आणि पुढच्याही कित्येक संध्याकाळी येत राहिलं. सरांनी त्यातला शब्दही वाया घालवला नाही. त्याला शास्त्राची भाषा चढवली, प्रत्येक पळवाट आधीच बंद करून टाकली, आणि पूर्वपक्षाचा असा किल्ला उभा केला की आत मुंगी शिरायला जागा नव्हती.

मग पान उलटून दुसऱ्या अर्ध्या पुस्तकाचं पहिलं वाक्य त्यांनी लिहिलं, "वाचकहो, इथवर वाचलंत ते सगळं चूक आहे." लिहिलं आणि स्वतःवरच खूश होऊन उरलेली सकाळ झाडाच्या शेंड्याकडं बघत घालवली.

यथावकाश दुसरं अर्धंही पुरं करून त्यांनी सगळं पुस्तक प्रकाशकांकडं धाडलं, आणि प्रकाशकांचा फोन आला तेव्हा सर असेच खिडकीत होते. समोरच्या गच्चीवरच्या दोरीवरून कुणाचातरी पांढरा सदरा सुटला होता. वाऱ्यानं तो फुगला, दोन्ही बाह्या पसरून तरंगत गेला आणि पाण्याच्या टाकीला जाऊन बिलगला. सरांच्या मनात आलं, सदरा कुठं निघाला होता? की निघाला होता वारा, आणि सदरा नुसता त्याचं अंग झाला होता? आणि मग आपण सकाळी सदरा चढवून कॉलेजला निघतो, तेव्हा नक्की कोण कुणाला घेऊन निघतं?

"सर, प्रकाशक बोलतोय! अहो, केवढं जाड लिहिलंत! बाइंडिंगला बसत नाही. मधोमध दोन भाग करू का?"

"हं," सर म्हणाले. सदरा टाकीवरून सुटला होता.

"पहिला भाग आत्ता काढू. दुसरा सवडीनं. चालेल?"

"हं."

"आणि कव्हरावर 'भाग पहिला' असं नको टाकायला. लोक दुसऱ्याची वाट बघतात न् पहिलाही घेत नाहीत. बरोबर आहे ना?"

"हं... अरे, गेला!"

"कोण गेला?"

"सदरा."

प्रकाशक या धंद्यात मुरलेला माणूस. लेखक असं काहीबाही बोलायचेच. त्यानं फोन ठेवला आणि पुस्तक मधोमध कापलं. मधोमध म्हणजे कुठं, ते तुमच्या लक्षात आलंच असेल! 'वाचकहो, इथवर वाचलंत ते सगळं चूक आहे' या वाक्याच्या बरोब्बर आधी!

तुम्ही म्हणाल, छापून आल्यावर तरी कळायला हवं होतं की नाही? पण इथं लेखक जातीचं एक दुखणं आडवं आलं. आपलं नवंकोरं पुस्तक उघडलं की पहिली नजर चुकीवरच पडते. मागच्या पुस्तकाच्या वेळी सरांनी हौसेनं पान उघडलं आणि जी चूक दिसली, तिनं त्यांना आठवडाभर जेवू दिलं नव्हतं. तेव्हापासून त्यांनी कानाला खडा लावला होता. स्वतःचं छापलेलं पुस्तक उघडायचं म्हणून नाही! त्यांनी प्रती हातात घेतल्या, हुंगल्या, गालाला लावल्या. पुस्तक जरा सडसडीत वाटलं, पण हल्ली कागद पातळ निघतो असं त्यांनी ऐकलं होतं.

एक प्रत त्यांनी प्राचार्यांना दिली. कव्हर तेवढं उचलून पहिल्या कोऱ्या पानावर झोकात लिहिलं, 'आपण विचारलेल्या प्रश्नाचं हे माझं संपूर्ण उत्तर.' खाली लफ्फेदार सही. दुसरी प्रत बायकोला दिली आणि आपण खिडकीत जाऊन बसले.

दोन दिवसांनी डॉक्टरीणबाई दवाखान्यातून वर आल्या त्या डोळे पुसतच. हातात पुस्तक.

"अहो," त्या म्हणाल्या, "मला वाटायचं मी भिंतीशी बोलते. आणि तुम्ही... तुम्ही सगळं ऐकत होतात!"

सरांना भरून आलं. "पटलं तुला?"

"शब्द न् शब्द पटला!"

"खरंच? म्हणजे आता तुझी काही तक्रार नाही?"

"तक्रार कसली? सगळं तुम्हीच कबूल केल्यावर मी काय बोलायचं बाकी राहिलं?"

"मग आता मी खिडकीत..."

"खिडकीचं नावच नको आता!" बाई प्रेमानं म्हणाल्या. "तो विषय संपला."

सरांना वाटलं, मिटलं! इतक्या वर्षांचं भांडण मिटलं! बाईंनी त्या दिवशी त्यांच्या आवडीचं जेवण केलं, स्वतःच्या हातानं वाढलं. दुसऱ्या दिवशी सर घरी आले तेव्हा घरच्या खिडकीतली त्यांची आरामखुर्ची जागेवर नव्हती. ती खाली दवाखान्यात नेली होती आणि तिच्यात एक गाल सुजलेले गृहस्थ विव्हळत बसले होते. सरांनी मनाशी म्हटलं, बघा, आपल्या आसनाचा केवढा मान! लोकांना दाखवायला ठेवलंय!

आता अशा माणसाला काय म्हणावं, तुम्हीच सांगा!

कॉलेजात तर त्याहून बहार. प्राचार्य जिन्यातच भेटले आणि त्यांनी सरांना चक्क मिठी मारली.

"सर, काय लिहिलंय! काय लिहिलंय! मी रात्रभर झोपलो नाही. समितीच्या प्रत्येक सभासदाला एकेक प्रत धाडली. एकानंही विरोध केला नाही!"

"एकानंही नाही?"

"अहो, विरोध करायला तुम्ही जागा कुठं ठेवलीय? स्वतःच्या बाबतीत इतकं परखड व्हायला छाती लागते. मी तुम्हाला फार चुकीचं समजलो होतो, मला माफ करा!"

'परखड' हा शब्द सरांना किंचित खुपला. पण समोरून माफी येत असताना शब्द कोण निवडत बसतो? शनिवारी सभागृहात पुस्तकाबद्दल सरांचा सत्कार ठरला, आणि त्याच वेळी समितीचा निर्णय जाहीर होणार असंही ठरलं. सर तरंगतच घरी गेले. वाटेत आपल्या गल्लीच्याही पुढं गेले, ते एका अनोळखी दाराची बेल वाजवल्यावर लक्षात आलं.

शनिवारी सभागृह खच्चून भरलं होतं. मंचावर प्राचार्य, प्रकाशक आणि मधोमध सर. पहिल्या रांगेत डॉक्टरीणबाई ठेवणीतली साडी नेसून. उंच झरोक्यातून उन्हाचा एक पट्टा तिरपा आत आला होता आणि त्यात धुळीचे कण सोन्यासारखे चमकत वर-खाली होत होते. सर त्या कणांत हरवून गेले. एकेक कण म्हणजे जणू न सुचलेला एकेक विचार. कुणीतरी खिडकीत बसून आपल्याला पकडेल म्हणून ते बिचारे वाट बघत होते.

प्राचार्य वाचत होते, "'विचार दिसत नाही हे मान्य. पण न केलेलं काम दिसतं!'"

टाळ्या! सरांनी गोड हसून मान डोलावली. पूर्वपक्ष वाचताहेत. बरोबर आहे, रीत ती रीत!

"'खिडकीत बसलेला मनुष्य विचार करतो असं म्हणतो, कारण ते तपासायची सोय नसते.'"

पुन्हा टाळ्या! डॉक्टरीणबाई शेजारणीला म्हणाल्या, "हे माझं हं!" सर सिद्धान्ताची वाट बघत राहिले. धुळीचे कण तरंगत राहिले.

"तेव्हा," प्राचार्यांनी पुस्तक मिटलं, "सरांच्याच शब्दांना मान देऊन समितीनं ठरवलं आहे की 'चिंतन' हा तास आजपासून रद्द! सरांची खोली उत्तरपत्रिकांसाठी मोकळी करण्यात येईल! आणि कामाच्या वेळी नुसतं बसणाऱ्यांवर लक्ष ठेवायला एक वेळबचत समिती नेमली आहे. तिचे प्रमुख, अर्थातच, आपले सर!"

सभागृह दणाणलं. सर धाडकन जमिनीवर आले, म्हणजे मनानं. अंगानं ते खुर्चीतून उठून उभे राहिले.

"थांबा! थांबा! ते सगळं चूक आहे!"

टाळ्या थबकल्या. मग मागून कुणीतरी म्हणालं, "किती हा विनय!" आणि टाळ्यांचा पाऊस पडला.

"विनय नाही हो! तो पूर्वपक्ष आहे! पुढं वाचा! पुढचं वाक्य वाचा!"

"पुढं काहीच नाही, सर," प्राचार्य म्हणाले आणि त्यांनी मागचं कव्हर दाखवलं.

मागच्या पुस्तकानंतर पहिल्यांदाच सरांनी आपलं छापलेलं पुस्तक आतून उघडलं. शेवटचं पान पाहिलं. मग अत्यंत सावकाश मान वळवून प्रकाशकाकडं पाहिलं.

"तुम्हीच 'हं' म्हणालात," प्रकाशक कुजबुजला. "एकदा नाही, चांगलं तीनतीनदा! आता गप्प बसा सर, प्रती हातोहात चालल्यात!"

पण सर गप्प बसायला तयार नव्हते. आयुष्याचा प्रश्न होता! ते माइकशी गेले. "मंडळी, मी नुसता बसलो नव्हतो!"

"मग उठून काय आणलंत?" साऱ्या सभागृहानं एका सुरात विचारलं. पुस्तक चांगलंच पाठ झालं होतं.

"ज्याला नवं सुचायचं असतं त्याला मोकळा वेळ..."

"'मोकळा वेळ हा शब्द कामचुकारांनी शोधला,'" मागच्या बाकावरून कुणीतरी पानाच्या आकड्यासकट म्हणून दाखवलं.

सर एक मुद्दा काढत, की त्यावर त्यांचंच वाक्य अंगावर येई. दुसरा काढत, तर त्याचीही वाट त्यांनी स्वतःच बुजवून ठेवलेली. दुसऱ्या भागात या सगळ्यावर एक बिनतोड उत्तर होतं, हे त्यांना पक्कं आठवत होतं. ते उत्तर काय होतं, तेवढं आठवत नव्हतं! ते सुचलं तेव्हा झाडाचा शेंडा फार सुंदर हलत होता, एवढंच डोळ्यांपुढं येत होतं. शेवटी ते घाम पुसत खाली बसले. बांधायला गेले किल्ला आणि आत कोंडले गेले स्वतःच.

आणि पहिल्या रांगेत बायको कौतुकानं त्यांच्याकडं बघत होती. असं तिनं लग्नानंतर कधी पाहिलं नव्हतं. सरांना वाटलं, हिला आत्ता खरं कसं सांगू?

सोमवारी खोली रिकामी झाली. खिडकीला टेकवून उत्तरपत्रिकांचे गठ्ठे रचले. सरांना तळमजल्यावर, पिण्याच्या पाण्याच्या नळामागं, बिनखिडकीचं टेबल मिळालं. सकाळी पहिले दोन तास ते कॉलेजभर फिरून नुसतं बसलेल्यांना उठवू लागले. पोरं त्यांना येताना बघून पटापट उभी राहायची. सरांना अगदी मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

प्रकाशकाच्या मागं हात धुऊन लागून त्यांनी दुसरा भाग काढायला लावला. या वेळी कव्हरावर ठळक अक्षरांत 'भाग दुसरा' होतं. "आता बघा!" ते म्हणाले. पण बघायला कुणी येईना! पहिला भाग लोकांना इतका पटला होता की बसून दुसरा वाचत राहायला कुणालाच सवड नव्हती. प्राध्यापक म्हणाले, "सर, वेळ कुठंय?" विद्यार्थी म्हणाले, "सर, उभ्यानं वाचण्याजोगा आहे का?" डॉक्टरीणबाईंनी पहिलं वाक्य तेवढं वाचलं, पुस्तक मिटलं आणि परत दिलं.

"हे मी वाचणार नाही," त्या म्हणाल्या. "मला पहिल्या भागातला नवरा आवडतो."

"अगं, पण तो मी नव्हेच!"

"माहितीये. पण राहू दे ना थोडे दिवस."

त्यांनी मुकाट्यानं घरातला गळका नळ दुरुस्त करायला घेतला. तो आणखी गळू लागला, पण बाई काही बोलल्या नाहीत.

आणि मग एके दिवशी सकाळच्या फेरीत, ग्रंथालयाच्या पार आतल्या कोपऱ्यात, सरांना एक माणूस नुसता बसलेला दिसला. पाठमोरा होता. समोर उंच खिडकी, खिडकीत मळभ आलेलं मऊ आभाळ. मांडीवर पुस्तक उघडं, पण नजर पुस्तकात नव्हती. हात लोंबत होते, तोंड थोडं उघडं होतं, आणि शेजारी जमिनीवर काढून ठेवलेले बूट होते.

सर हळूच पुढं गेले. मांडीवरचं पुस्तक त्यांनी लांबूनच ओळखलं. भाग दुसरा!

"साहेब?"

प्राचार्य दचकले नाहीत. फार लांबून परत आल्यासारखे ते सावकाश वळले. डोळ्यांत पाणी होतं.

"सर," ते म्हणाले, "तुम्ही जिंकलात. सगळं पटलं मला. ते ढग बघताय? मी ते लहानपणी बघायचो. नंतर राहूनच गेलं हो. नुसता बसलेला माणूस नुसता नसतो! तो कामात असतो! मोठ्या कामात!"

सरांच्या डोळ्यांपुढं धुकं आलं. वडील, गुरुजी, सासरेबुवा सगळे ओळीनं उभे राहिले आणि एकदम खाली बसले. एका माणसानं तरी मानलं! आणि तेही कुणी, तर खुद्द प्राचार्यांनी!

"मग माझी खोली..." सर म्हणाले. "माझे तास..."

"त्याचाच विचार करत होतो." प्राचार्यांनी बूट चढवले. "गठ्ठे आजच हलवतो. चिंतनाला खिडकी हवीच, तुम्हीच लिहिलंय. तेव्हा ती खोली उद्यापासून मी घेतो."

"तुम्ही?"

"सकाळचे पहिले दोन तास मी तिथं बसेन. तास तुम्हाला द्यायचा म्हणजे पुन्हा समिती, पुन्हा ठराव. आणि तुमचा पहिला भाग त्यांना तोंडपाठ, त्यांच्यापुढं कुणाचं चालणार? मला काय, मला विचारायला वर कुणी नाही. फक्त एक करा, सर. लोक सारखे सह्यांसाठी येतात, तंद्री मोडते. तुम्ही फेरीवर असताच, तेवढं दाराशी थांबत चला. ते दोन तास किती मोलाचे असतात हे तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला कळणार?"

सरांनी मान डोलावली. त्यांचंच म्हणणं होतं ना!

दुसऱ्या दिवशी सकाळी सर वरच्या मजल्यावर, बंद दाराबाहेर उभे राहिले. थोड्या वेळानं मुख्य लिपिक फायलींचा डोलारा सावरत धापा टाकत वर आले.

"साहेब आहेत ना आत? फार घाईचं आहे!"

सरांनी दार बोटभर उघडून पाहिलं. आत ऊन टेबलावरून जमिनीवर उतरत होतं. प्राचार्य हनुवटी तळहातावर टेकवून बाहेर बघत होते. सरांनी दार अलगद लोटून घेतलं.

"साहेब कामात आहेत," ते म्हणाले.

"अरे बापरे! मग नको, नको! मी नंतर येतो," लिपिक कुजबुजले आणि चपलांचा आवाज न करता, चवड्यांवर, जिना उतरून गेले.

सरांच्या अंगावर सुखाचा काटा आला. जन्मभर जे वाक्य ते सांगत आले होते तेच आज त्यांनी सांगितलं होतं, आणि ऐकणाऱ्यानं ते खरंही मानलं होतं! ते तसेच हसत, तरंगत जिना उतरले. ते वाक्य आपल्याबद्दल नव्हतं, हे त्यांच्या लक्षात आलं ते तळमजल्यावर, नळामागच्या टेबलाशी पोचल्यावर!